तबकडीत न आलेली नावं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत शिकूनही कधी जमलं नाही. हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर तेवढं माफ करावं. बाकी जे लिहिलं आहे त्याची माफी मी मागणार नाही.

आमचे हे गाणी बांधायचे आणि पेटीवर स्वतःच म्हणायचे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या अमरावतीच्या वस्तीत जुनी देवादिकांची गाणी बंद पडली. लग्नाकार्यात नवी हवी होती, म्हणून यांना वलगावपासून अकोल्यापर्यंत बोलावणी येत. कार्यक्रमात कुणी रुपया दिला की हे गाणं मध्येच थांबवून त्याचं नाव पुकारायचे, मग पुढचं कडवं. लोक नावासाठीच रुपया द्यायचे.

मुंबईच्या एका कंपनीनं तबकड्या काढायचं कबूल केलं, पण जाण्यायेण्याचा आणि वाजवणाऱ्यांचा खर्च आपला. यांनी वस्ती गोळा केली. म्हणाले, "जो रुपया देईन त्याचं नाव तबकडीत येईन. तुमी मरसान, नाव नाई मरनार." घरोघरी पैसे निघाले. शेजारच्या म्हातारीनं आठच आणे दिले आणि स्वतःचं नाही, तापानं गेलेल्या मुलाचं नाव सांगितलं.

दोन तबकड्या आल्या, चार बाजूंना चार गाणी. हॉटेलवाल्याचा फोनो मागून आणला. सगळी वस्ती अंगणात बसली. गाणी चांगली होती, ते मी नाकारत नाही. पण पैसे देणाऱ्या एकाचंही नाव आलं नाही. म्हातारी म्हणाली, "उलटी लाव बाप्पा, तिकून असन." उलटी लावली. तिकूनही नव्हतं.

हे म्हणाले, "एका बाजूले तीन मिनिटं भेटतेत. सायबानं नावं काढाले लावली, मी का करू?"

"मंग तुह्यं कसं बसलं?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

खरंच होतं. गाणं बांधणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायची रीत आहे, आणि चारही गाण्यांत यांचं नाव ठणठणीत ऐकू येत होतं. त्या चारांतली एक ओळ म्हातारीच्या मुलाला देता आली असती.

दुसऱ्या दिवशी हे अकोल्याला निघून गेले. तिथे हॉटेलांत तबकडी वाजत होती, लोक हार घालत होते. इकडे माझ्या दारात लोक. नळावर बाया यांचंच गाणं गुणगुणत भांडी भरायच्या आणि मला पाहिलं की म्हणायच्या, "काहो वैनी, आमचा रुपया मुंबईलेच राह्यला का?" दुसरी म्हणे, "नाव नाई तं नाई, वैनीले नवी पोत तं आली असन." माझा गळा ओका होता. मी मान खाली घालून घागर उचलायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. यांच्या गाण्यावर लग्नात नाचता आणि वर रुपया मागता, हे मी मनात कितीदा बोलले. म्हातारीसमोर मात्र मनातही काही बोलता येईना.

मी जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाऊ लागले. आधी म्हातारीचे आठ आणे दिले. मग एकेक घर.

थोडी घरं उरली होती तेव्हा हे परत आले. म्हणाले, "कंपनी सोताहून बलावून राह्यली. गाडीभाड्यापुरते दे."

"नाई."

"लोकाइले देतो नं मी मागून. त्याइले का घाई हाय?"

"ह्या खेपेले कोनाचं नाव घेसान?" मी विचारलं. लग्न झाल्यापासून माझा एवढा मोठा आवाज मीच ऐकला नव्हता.

हे हसले. "तुह्यं घेतो. मंग तं देशीन?"

ते हसणं मला आजही सहन होत नाही. मी पैसे पदरात बांधले, तव्यावरची भाकर तशीच टाकली आणि उरलेल्या घरांकडे निघाले. कुणी म्हणालं, "राहू द्या वैनी, इतकं मनावर काहून घेता?" त्याच्याही हातात कोंबले. शेवटचं घर झालं तेव्हा पदर रिकामा होता आणि वस्तीतल्या कुणाचा एक पैसा आमच्याकडे राहिला नव्हता.