सईची दुपारची बॅच

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्ये कुणी खिदळलं तर मी उठून जाईन. ही गोष्ट गंभीर आहे. निदान माझ्यासाठी तरी.

मला तुम्ही ओळखता. जळगावच्या दैनिकात बातमीदारी करताना डोक्यावरचे केस पांढरे झाले, आवाज मात्र अजून उतरलेला नाही. कार्यालयात नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी त्याला मी समोर बसवतो आणि सांगतो, "बाळा, बातमी कितीही पक्की असू दे, दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय छापायची नाही. आधी त्याला बोलू दे, मग झोडप." पोरं माना डोलावतात. मीही स्वतःवर खूश होतो.

आता घरचं सांगतो. जळगावातच, पिंप्राळ्यात आमचं घर. मुलगा धुळ्याला नोकरीला, तो शनिवारी येतो. सून रूपाली इथेच बँकेत. आमची ही, म्हणजे सुमन, घर सांभाळते. आणि सई, माझी नात, साडेतीन वर्षांची.

मी अकराच्या सुमाराला घर सोडतो. कलेक्टर कचेरी, कोर्ट, पोलीस ठाणं, मग कार्यालय. परत येतो तेव्हा सई गाढ झोपलेली असते. त्यामुळे तिची माझी गाठ सकाळी. गाठ कसली, छळच तो! मी दारापुढच्या ओट्यावर पेपर उघडला की ही मांडीवर चढणार, माझा चष्मा स्वतःच्या नाकावर लावणार, पेपर उलटा धरणार आणि मोठ्याने बातम्या वाचणार. "आज पाऊस येणार नाही. मांजर येणार." मांजराचं काय करायचं ते मग मला ठरवावं लागतं. मी कित्येकदा ओरडलोय, "अरे, या घरात मला एक पेपर धड वाचू देणार आहात का?"

हे माझं ओरडणं लक्षात ठेवा.

जून उजाडला. सईला जवळच्याच एका नर्सरीत घातलं. एका सकाळी सुमन सहज म्हणाली, "सईला दुपारची बॅच मिळाली. बारा ते तीन. मीच सोडेन, मीच आणेन."

पेपर माझ्या हातातून खाली आला.

"दुपारची? जळगावात? जूनच्या उन्हात? अगं, बारा वाजता या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं!"

"दोन गल्ल्या पलीकडे तर शाळा आहे. छत्री घेईन."

"प्रश्न छत्रीचा नाही, न्यायाचा आहे! सकाळची बॅच कोणाला दिली?"

"मला काय माहीत? रूपालीला विचारा."

"तिला कशाला त्रास? ती बिचारी बँकेत राबते. मी बघतो."

सुमन माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, हे मला आज दिसतं. तेव्हा मी चपला शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकासमोर, पानाच्या टपरीआड, तपासाला उभा राहिलो. काय बघितलं? सकाळच्या बॅचला चारचाकी गाड्या! एक डॉक्टर, एक बिल्डर, एका नगरसेवकाचा ड्रायव्हर. दुपारी पुन्हा गेलो. दुपारी स्कूटी, रिक्षा आणि पायी चालत आलेल्या आज्या. मला सांगा, कुठल्याही बातमीदाराला आणखी काय हवं? सकाळचा गारवा मोठ्यांच्या पोरांना आणि ऊन आमच्या पोरांना! मथळा तर मला तिथेच सुचला.

एक आजी नातवाचं बोट धरून चालल्या होत्या. भडगावकडच्या, हे त्यांच्या अहिराणीवरूनच कळलं. मी विचारलं, "अक्का, तुमच्यावर हा अन्याय झालाय, ठाऊक आहे ना?"

"कसाना अन्याय, भाऊ? आमले दुपारनंच बरं शे. सकाये नळ येस, पाणी भरनं पडस. आनि हाऊ उठस का सकाये?"

"अक्का, घाबरू नका. मोकळेपणाने बोला."

"मी कसाले घाबरू? तुम्ही कोन शेतस? उनमा काबर उभा शेतस? डोकं दुखी ना!"

मी मनात नोंद केली. पालक दबावाखाली आहेत.

तसाच मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरलो. चौधरी मॅडम. शांत बाई, माझ्या वयाच्या आगेमागे. मला बघून उभ्या राहिल्या. "या भाऊ, बसा. सईचे आजोबा ना तुम्ही?"

"आजोबा नंतर. आधी पत्रकार. सकाळच्या बॅचला प्रवेश कोणत्या निकषावर देता?"

"निकष कसला, भाऊ? ज्यांना जी वेळ सोयीची. बाप कामावर जाताना पोराला सोडतो, तो सकाळ घेतो. तुमच्याकडे तर सूनबाईंनी..."

"सुनेला मध्ये आणू नका! ती साधी आहे. तिच्या साधेपणाचा फायदा घेतलात."

"अहो, त्यांनीच तर..."

"तिला काय सांगून पटवलंत ते मला कळतं!"

"भाऊ, ऐकून तर घ्या."

"आयुष्यभर ऐकूनच घेतलंय, मॅडम! आता लिहिणार आहे."

पाण्याचा पेला बाईंनी माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला सईसाठी सकाळच हवी आहे का? एक जागा आहे. देते."

आता बरी जागा निघाली! बघितलंत ना, दबाव आणला की जागा कशी निघते? माझी छाती फुगली. एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो. पण जिंकलेला माणूस थांबतो कुठे?

"आणि एक नियम करा," मी टेबलावर बोट आपटलं. "एकदा बॅच ठरली की वर्षभर बदल नाही. आमदाराचा फोन येऊ दे, मंत्र्याचा येऊ दे. कोणीही असो!"

"पत्रकारांचा आला तर?"

"पत्रकारांना सगळ्यात आधी नाही म्हणा!"

"ठीक आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. "नियम चांगला आहे."

त्या संध्याकाळी मी कार्यालयातून लवकर निघालो. जिलेबी घेतली. दिवेलागणीला घरात पाऊल टाकलं, तर सई दारातच खेळत होती. मला बघून चक्रावली. तिने माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या अंधाराकडे बघितलं आणि विचारलं, "आजोबा, सकाळ झाली?"

मी हसलो. खरंच हसलो! त्या प्रश्नात काय होतं, ते त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

रूपाली पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळी लढाई सांगितली. टपरी, गाड्या, बोट आपटणं, नियम. शेवटी म्हणालो, "सोमवारपासून सई सकाळच्या बॅचला. साडेआठ ते साडेअकरा. घे जिलेबी."

लाटणं थांबलं. सुमनने कपाळावर हात मारला.

"बाबा," रूपाली हळूच म्हणाली, "दुपारची बॅच मीच मागून घेतली होती."

"तू? का?"

"तुम्ही नऊला उठता, अकराला निघता. रात्री येता तेव्हा ती झोपलेली असते. सकाळ तेवढीच तुमची दोघांची. ती शाळेत गेली असती तर तुमची भेट थेट रविवारीच. म्हणून मी मॅडमना म्हटलं, सकाळ नको. माझ्या सासऱ्यांना सकाळी पेपर वाचून दाखवणारं दुसरं कोणी नाही."

जिलेबीचा पुडा माझ्या हातात तसाच.

सुमन म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, रूपालीला विचारा?"

"तू स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा शाळेत. या वेळी दारावर टकटक केली. बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिली. आत गेल्यावर आवाज इतका खाली होता की माझा मलाच ओळखू येईना.

"मॅडम, थोडं काम होतं. सईची दुपार परत मिळाली तर..."

चौधरी मॅडमनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं.

"भाऊ, ती जागा कालच एका आजींनी नातीसाठी घेतली. आणि रिकामी असती, तरी नियम आहे ना? मी काल सगळ्या पालकांना सांगितला. तुमचं नाव घेऊनच सांगितला. लोकांना फार आवडला."

मी मान डोलावली. आमची नवी पोरं डोलावतात ना, अगदी तशीच.

तेव्हापासून सोमवार ते शनिवार सईला शाळेत मीच सोडतो. रात्री कितीही उशीर होवो, सकाळी उठतोच. स्कूटरवर ती पुढे उभी राहते, घडी केलेला पेपर हातात उलटा धरते आणि फाटक येईपर्यंत मला बातम्या वाचून दाखवते. दोन गल्ल्या म्हणजे किती अंतर? एक बातमी होते. मांजर येणार की नाही ते ठरायच्या आत शाळा येते. म्हणून मी स्कूटर जरा हळू चालवतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत!

फाटकाशी चौधरी मॅडम उभ्या असतात. सईचं बोट धरतात आणि रोज त्याच आदराने विचारतात, "काय भाऊ, सकाळची वेळ सोयीची आहे ना?"

आणि ज्याने अख्ख्या जिल्ह्यातल्या भल्याभल्यांना बोलतं केलं, तो मी त्यावर प्रतिक्रिया देण्यास नकार देतो.