खालच्या घरातलं रेगे

खालच्या मजल्यावरचा एमेका नायजेरियाहून इथे शिकायला आला आहे. मागच्या महिन्यात तिकडे त्याचे वडील वारले. काल दुपारी त्याच्या घरातून रेगे संगीताचा संथ ठोका ऐकू येऊ लागला, म्हणून मी खाली डोकावलो. एकाच कापडाचे शर्ट शिवून आलेले त्याचे मित्र वडिलांच्या फोटोसमोर नाचत होते.

"काका, आवाज मोठा झाला का?" त्याने विचारलं. "भरपूर जगून गेलेल्या माणसाला आमच्याकडे असाच निरोप देतात. पप्पांना हेच आवडायचं."

जमैकाचं हे संगीत वडिलांच्या तरुणपणी कॅसेटवरून त्यांच्या गावात पोचलं, आणि मग तिथलेच गायक ते आपल्या बोलीत गाऊ लागले, असं तो सांगत होता. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम करून समुद्रापार जमैकाला नेलं, त्यांच्या वंशजांचा ठोका असा घरी परत आला होता. मला त्या मुलांचा हेवा वाटला. त्यांचं गेलेलं कधीतरी परत येतं, आणि आलं की ते नाचतात. माझी पत्नी सुमन गेल्यापासून आमच्याकडे रेडिओसुद्धा लागलेला नाही. दुःखात गप्प बसायचं, एवढंच मला येतं.

"काकूंचं आवडतं गाणं सांगा ना, तेही लावू," एमेका मोबाइल पुढे करत म्हणाला.

"आज नको रे. आज तुझ्या वडिलांचा दिवस."

मी जिना चढू लागलो. ते गाणं मला अजून ऐकवत नाही, आणि ही मुलं त्यावरही सुंदर नाचली असती.