गुलाबरावांची कमान

शहराच्या महाल भागातल्या एका चौकाशी आले की गुलाबराव गवंडी चपला काढून हातात घेत. वैशाखात डांबर पायाला चिकटायचं, तरी रस्ता ओलांडेपर्यंत अनवाणी. एकदा मी हसलो, तर म्हणाले, "खाली माह्या बाबाची कमान आहे. तिच्यावर चपला घालून चालू काय?"

बाबाही गवंडीच. त्या रस्त्याखालून नाग नदीकडे जाणारी विटांची कमानदार मोरी त्यांनी बांधली होती. मी ड्रेनेज खात्याचा फोटोग्राफर. लोक ज्या मोऱ्या-नाल्यांजवळून नाक दाबून जातात, त्यांचे फोटो काढणं ही माझी नोकरी. गुलाबरावही आमच्याच खात्यात; ते सोबत पेट्रोमॅक्सची बत्ती धरत आणि विटा न्याहाळत म्हणत, "वरतं तं कोनीही सरळ बांधते. जिथं कोनी पाहत नाही, तिथं बांधून दाखव ना गा!"

सत्तरच्या दशकात ती मोरी फोडून पाइप टाकायचं ठरलं. मोडकळीला आल्याचा पुरावा म्हणून फोटो हवा होता. मी खाली उतरलो आणि कपाळाला हात लावला. गुलाबरावांनी दोन दिवस खपून गाळ उपसला होता, कमान घासूनपुसून लख्ख केली होती. फोटो पाहून आमचे साहेब कडाडले, "धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"साहेब, लेकराले फोटोले नेताना आपन त्याचं तोंड नाही पुसत काय?"

खरंच, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पाडण्याआधी एकदा बाबांचं काम नीट दिसावं, एवढंच. पण तो फोटो मोठ्या इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर गेला. ते स्वतः मोरीत उतरले, हातोडीनं विटा ठोकून पाहिल्या आणि वर येऊन म्हणाले, "हिला कशाला फोडता? ही आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगेल." गुलाबराव रस्त्यातच मटकन बसले आणि रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

त्या फोटोची एक प्रत त्यांनी मागून नेली. घरात बाबांचा एकही फोटो नव्हता. पाहुणे विचारत, "ही नाली काहून टांगली?"

"नाली नाही गा, बाबा आहे," ते ऐटीत सांगत.

गुलाबराव गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. मन खात होतं. इतकी वर्षं माझ्यासाठी उजेड धरला त्यांनी, आणि मी त्यांचा एक फोटो काढला नाही. तसं त्यांच्या बायकोला बोलूनही दाखवलं. तिनं मला भिंतीपाशी नेलं. कमानीच्या फोटोत, अगदी कडेला, पेट्रोमॅक्स धरलेला एक हात आला होता. माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"हे माह्ये सासरे," ती म्हणाली, "अन् हा हात ह्यांचा."