दोन किलोंच्या आतली दुर्बीण

वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, म्हणून त्यांना सगळे काटेसाहेब म्हणतात. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर दिसतं.

खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दोन किलोंवर काही उचलायचं नाही." असं ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन गॅसची टाकी सरकवतात. काटेसाहेबांनी विचारलं, "दोन किलो धरून, की सोडून?"

पंचाईत खाडीवरच्या पक्ष्यांची होती. वर्षातून एका रविवारी तिथं पक्षी मोजतात, आणि टोकाचा चिखल बारा वर्षं काटेसाहेबांकडे होता. तिथवर तासभर पायी जायचं. जुनी दुर्बीण तिवईसकट साडेचार किलोंची. जमलं नाही, तर तो चिखल मेहुण्याकडे जाणार. मेहुणा माणूस सोन्यासारखा, पण वहीत 'शे-दीडशे' लिहितो.

"मधले पन्नास पक्षी गेले कुठे?" काटेसाहेब विचारत.

"उडाले असतील. माझ्या भावाला नावं ठेवू नका," बायको म्हणे.

नवी दुर्बीण घ्यायला निघाले ते घरचा काटा पिशवीत घालूनच.

"लोक दुकानात पैसे घेऊन जातात हो."

"तेही घेतलेत."

दुकानदार चटपटीत होता. "ही घ्या काका, सगळ्यात हलकी. सहाशे चाळीस ग्रॅम."

काट्यावर सहाशे चाळीसच भरली. काटेसाहेबांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी डोळा लावला. "यातून तर काहीच दिसत नाही."

"आयपीस लावायची ना! ती वेगळी."

"म्हणजे डोळा लावायचा भाग सोडून वजन सांगता?"

"सगळ्या कंपन्या तसंच सांगतात."

"चोर चोर मावसभाऊ."

आयपीस दोन होत्या. झूमवाली वीसपटीपासून साठपटीपर्यंत जायची, वजन दोनशे नव्वद. दुसरी एकाच मापाची, बावीसपट, पण ऐसपैस दाखवणारी, एकशे नव्वद. हलकी तिवई अकराशे पन्नास. झूम लावली की बेरीज दोन हजार ऐंशी.

"काका, ऐंशी ग्रॅमनी काय होतंय?"

बायकोनं डोळे मिटून घेतले. हे वाक्य काटेसाहेबांनी चौतीस वर्षं प्रत्येक गल्ल्यामागून ऐकलं होतं आणि त्यावर खटले भरले होते.

"काय होतं ते सांगू?"

"नका हो. त्याला दुसरी गिऱ्हाइकं आहेत," बायको म्हणाली.

त्यांनी दोन्ही आयपीस समोरच्या पाण्याच्या टाकीवर लावून पाहिल्या. साठपटीला टाकीवरचं कबूतर काळवंडलं, थरथरलं आणि चष्म्यामुळे शर्टाच्या बटणाएवढ्या गोलात कोंबलं गेलं. बावीसपटीला अख्खी टाकी लख्ख दिसली.

"पण पाय?"

"कबुतराचे पाय कशाला हवेत तुम्हाला?"

"टिलव्यांचे गं."

टिलवे म्हणजे चिखलात चोच खुपसत फिरणारे चिमणीएवढे पक्षी. खाडीवर ते दोन जातींचे. एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळे, बाकी जुळे भाऊ. लांबचे पाय बावीसपटीला दिसतील याची खात्री नव्हती.

"मी उचलते ना ती झूम!"

"मग मोजणी कोणाची झाली?"

बावीसपट घेतली. एकूण एक हजार नऊशे ऐंशी. वरचं कव्हर साठ ग्रॅमचं, ते दुकानातच राहिलं.

रविवारी चिखलावर एकशे त्रेसष्ट टिलवे होते. जवळच्या एकशे बासष्टांचे पाय काळे. एक मात्र पार पलीकडे एकटाच चरत होता.

"लिहा काळे. भावकी एकच दिसतेय," बायको म्हणाली.

"दिसल्याशिवाय कसं लिहू? भरती येतेय. पाणी त्याला इकडे ढकलेल."

"किती वेळ?"

"डॉक्टरांनी वेळेचं काही सांगितलेलं नाही."

दीड तास दोघं दगडावर बसली. पाणी चढत गेलं, टिलवा सरकत सरकत अलीकडे आला. पाय पिवळे! काटेसाहेबांनी पेन काढलं.

"बघू तरी," म्हणत बायकोनं डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "अहो, हा सुकलेला चिखल नाही ना पायांना?"

काटेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि परत खाली बसले. वीस मिनिटांनी टिलवा पोटापर्यंत पाण्यात गेला, बाहेर आला, अंग झटकून उभा राहिला. आधी त्यांनी पाहिलं, मग तिनं.

"पिवळेच," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं: काळ्या पायांचे एकशे बासष्ट, पिवळ्या पायांचा एक.