बिनबटनाची विडी

नवापूरच्या गोदूबाईकडून पाव किलो जवळा घ्यायचा तर घरून जेवून निघावं, असं बोईसरच्या बाजारात म्हणतात. भाव करता करता जेवणाची वेळ टळून जाते. ही गोदूबाई माझी सासू. बाजारात तिच्या वाटेला कुणी जात नाही, घरात मी दिवसाआड जाते. मी पालघरची, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. तिला दुसरी सून नाही, मला दुसरी सासू नाही, त्यामुळे आमचं चाललंय.

साठीला आलेली बाई पहाटे वलांडीच्या दांड्यांवर वाळत टांगलेले बोंबील उतरवते, पाटी भरते, रिक्षात पाटी ठेवताना ड्रायव्हरला दोन शब्द सुनावते आणि दुपार टळेपर्यंत बाजारात बसते. पण दिवस कसाही गेला तरी तिन्हीसांजेला ती किनाऱ्यावर जायचीच. कनवटीची विडी काढायची, तोंडात धरून पेटवायची, नीट धगधगली की वाळूत उभी खोचायची. ती विडी माझ्या सासऱ्यांची. नामदेव तांडेल बावीस वर्षांपूर्वी बोटीसकट गेले. ना बोट सापडली, ना माणसं. समुद्रात राहिलेल्याचं पान आमच्या घरी अवसेला किनाऱ्यावर वाढतात. गोदूबाईचं म्हणणं, महिन्याने जेवेल एक वेळ, पण विडीशिवाय महिना कसा काढेल? म्हणून विडी रोज.

मी सासऱ्यांना पाहिलेलं नाही, पण ते विडी कशी ओढायचे हे मला तोंडपाठ आहे, इतक्या वेळा ऐकलंय. दोन छोटे झुरके, मग विडी बाजूला धरून एखादं वाक्य बोलायचं, मग परत दोन छोटे. अर्धी झाली की उरलेली खलाशाच्या हातात.

आता विडीचं असं आहे की तिला उदबत्तीसारखी नुसती काडी दाखवून भागत नाही. कुणीतरी तोंडात धरून ओढावी लागते, तेव्हाच ती धग धरते. मी एकदा गॅसवर पेटवून नेली, तर अर्ध्या वाटेत विझली. म्हणजे मेलेल्या नवऱ्याची विडी पेटवता पेटवता गोदूबाईला स्वतःला विडी लागली. आधी पेटवण्यापुरते दोन झुरके, मग सोबत म्हणून एक, मग दिवसाला बंडल. गेल्या वर्षी पाटी उचलून दहा पावलं चालली की तिला थांबावं लागायला लागलं. रात्री तिच्या छातीची शिटी आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायची. पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "आजी, विडी नाहीतर श्वास. दोन्ही चालू राहणार नाही."

"आनी त्याला कोन पेटवून देईल?" सासूने विचारलं. "तुमी?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी दाराकडे बघितलं.

माझ्या डोक्यात विजेवरची सिगारेट आली ती फोनवर काहीबाही बघताना. आग नाही, राख नाही. देशात तिच्या विक्रीला बंदी आहे हे मला माहीत होतं, आणि डॉक्टरांना विचारलं तर ते नको म्हणतील हेही माहीत होतं, म्हणून मी विचारलंच नाही. नवऱ्याला, म्हणजे दर्पणला, सांगितलं तर तो कंपनीतल्या कुणाकुणाला विचारत बसला असता. मी सासूला घेऊन थेट बोईसरला बबलूच्या दुकानात गेले. समोर मोबाइलची कव्हरं लावलेली, आणि ओळखीचं गिऱ्हाईक असलं की काउंटरखालून दुसरा माल.

बबलूने पेपर अंथरून तीन वस्तू मांडल्या. गोदूबाईने मासळी बघावी तशा त्या बघितल्या. उचलल्या, दाबल्या, वास घेतला. पहिली वापरून फेकायची. "सरली की फेकायची? मग पैसे पन फेकलेच की," म्हणून तिने ती बाजूला सारली. दुसरी चांगली जाडजूड, बटनाची, बॅटरी दोन दिवस पुरणारी, पण तिच्या किमतीत आमच्या घरात दोन महिन्यांचा गॅस येतो. तिसरी चपटी, छोटी, बाटलीतला रस पुन्हा भरता येणारी, दुसरीच्या निम्म्याहूनही कमी किमतीची. तिला बटनच नव्हतं.

"मग चालू कशी व्हायची?" मी विचारलं.

"इसमें बटन नहीं, भाभी. जो खींचेगा, उसी के लिए जलेगी," बबलू म्हणाला आणि ओढून दाखवली. वस्तूच्या अंगावरचा निळा दिवा पेटला, ओढणं थांबलं तसा विझला. "बस नमी से बचाना. सीली हवा अंदर गई तो अपने आप चालू हो जाती है."

गोदूबाई तेव्हा रसाची बाटली फुकट मागण्यात गुंग होती, तिने हे शेवटचं ऐकलं नाही. मी ऐकलं. नवापुरात लोखंडी कडी वर्षभरात गंजून हातात येते, तिथे ही वस्तू दमटापासून कशी वाचवणार? पण बटनाची घ्यायला पैसे नव्हते, आणि उगाच शंका काढली तर सासू उठून चालू लागेल. मी पैसे काढले.

पहिल्या दिवशी तिने ओढून बघितली आणि म्हणाली, "सर्दीचं मलम लावल्यागत लागतंय." तरी तिने विडीचं बंडल माझ्या हवाली केलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी ती वस्तू करवंटीत ठेवून आम्ही किनाऱ्यावर नेली, वाळूत करवंटी टेकवली, वस्तूचं तोंड समुद्राकडे केलं आणि दहा पावलं मागे येऊन बसलो.

तिथे आमची चूक आम्हाला दिसली. विडी एकदा पेटली की आपोआप जळत जाते. धूर निघतो, राख पडते, थोटूक उरतं, आणि माणसाला म्हणता येतं की ओढली त्याने. ही वस्तू तशी नाही. कुणी ओढल्याशिवाय ती पेटत नाही. करवंटीत ती काळी पडून राहिली. तारापूरच्या अणुशक्तीच्या धुराड्यावरचा लाल दिवा लागला, घिवलीकडचे दिवे लागले, आमचा निळा काही लागेना.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी गोदूबाई वाळूतून उठलीच नाही.

"विडी सरायची ना, तवा मला वाटायचं तो ओढतोय," ती म्हणाली. "वारा ओढत व्हता गं. बावीस वर्सं मी वाऱ्याला विडी दिली."

मला स्वतःची इतकी चीड आली. छाती वाचवायला गेले आणि बाईचा नवरा दुसऱ्यांदा बुडवला. तिचं जेवण तुटलं. बाजारात तिने कुणाशी भाव केला नाही, मागतील त्या भावाला जवळा दिला. सहाव्या दिवशी तिच्या कनवटीला पुन्हा बंडल दिसलं.

मग अवस आली. पान वाढायचं होतं: तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, घोटभर दारू. सवयीने मी करवंटीही नेली. पान ठेवून आम्ही मागे सरलो, आणि गोदूबाईने स्वतःसाठी विडी काढून ओठात धरली. काडी ओढायच्या आतच समोर निळा दिवा लागला.

मी मनात आकडे मोजले. आठपर्यंत तो जळत राहिला, विझला, आणि श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ न जाता पुन्हा लागला. वस्तूच्या तोंडातून पांढरा धूर निघाला. तो वर गेला नाही, वाळूला चिकटून पाण्याकडे सरकत गेला. पुदिन्याचा वास आमच्यापर्यंत आला. मनात मी बबलूला दुवा दिला. दमट हवा शिरली एकदाची. आता सासू म्हणेल आला तो, आणि विडी सुटेल.

"आई, बघा," मी म्हटलं. "ओढतायत."

तिने माझं मनगट धरलं. "हा तो नाय," ती म्हणाली.

"आई..."

"दोन बारके आनी थांबायचं, तसा ओढतो तो. हा बघ कसा ओढतोय. सोडतच नाय. लय दिसांनी मिळाल्यावानी."

दिवा लागत होता आणि विझत होता. लांब, लांब, लांब. मी म्हटलं, "आई, हवेतल्या पाण्याने होतं तसं, दुकानदाराने सांगितलं होतं." तिने ऐकलं नाही. ती करवंटीकडे बघत एक नाव म्हणाली, जे मी त्या घरात सहा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"नवशा."

नवशा डोंगरातला. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरून हंगामाला बोटीवर आला होता, चार महिने खलाशी म्हणून राहिला. अर्धी विडी मिळायची ती त्याला. तांडेलाचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ओढून होईपर्यंत तो हात पुढे करून बसायचा आणि मिळाली की एका दमात संपवायचा. त्या दिवशी तो बोटीवर होता, पण कागदावर त्याचं नाव नव्हतं. बोटीच्या मालकाने गोदूबाईला सांगितलं, कागदावर जेवढी नावं तेवढीच बोलायची, नाहीतर तुला आणि पोराला भरपाईचं काही मिळायचं नाही. दर्पण तेव्हा आठ वर्षांचा होता.

"महिन्याने त्याची बायको आली बाजारात," गोदूबाई म्हणाली. "बायडी. माज्या पाटीसमोर बसली. इचारलं, माजा दादला तुमच्या बोटीवर व्हता का? मी म्हनलं, नाय."

समोरचा दिवा विझला. पुन्हा लागेल म्हणून मी वाट बघितली. नाही लागला. तिच्या ओठातली विडी तशीच होती, न पेटवलेली. ती तिने काढून पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने विक्रमगडला गेलो, तिथून जीपने आणि मग पायी. चढणीवर गोदूबाई चार ठिकाणी बसली. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाऊन सांगते. ती म्हणाली, "'नाय' मी बोलले, आता 'हाय' पन मीच बोलनार."

बायडी अंगणात सुपात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झालेले, पण गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती. तिने गोदूबाईला लगेच ओळखलं. गोदूबाईने बसायच्या आधीच सांगून टाकलं: तो बोटीवर होता, मी खोटं बोलले. सूप चालू राहिलं. चांगलं दोन-तीन मिनिटं चालू राहिलं, मग थांबलं.

"लोक म्हनले, वापीला दुसरी केली त्याने," बायडी म्हणाली. "मी त्याला शिव्या देत ऱ्हायले. सनाच्या दिवशी पन."

मला वाटलं ती आता ओरडेल, सूप फेकून मारेल. गोदूबाई तयारच होती, मान खाली घालून उभी होती. बायडीने एवढंच विचारलं, "त्या दिशी सकाळी तो काय खाऊन गेला?"

"मीच वाढलं त्याला. दोन भाकरी आनी सुका बोंबील. च्या दोनदा घेतला."

"मंजे पोट भरलेलं व्हतं," बायडी म्हणाली, आणि तेव्हा ती रडली.

निघताना गोदूबाईने पदराची विडी सोडली आणि म्हणाली, त्याच्या नावाची मी रोज लावीन. बायडीने विडी तिच्या हातातून काढून घेतली. "तुज्या हातची नको त्याला. मी येईन."

घरी आल्यावर मी ती वस्तू तांदळाच्या डब्यात पुरली, भिजलेला फोन ठेवतात तशी. दमटपणा गेला असेल, कारण ती त्यानंतर पेटलेली नाही. तरी तांदूळ काढताना मी आधी झाकण किलकिलं करून आत बघते. महिनाभर गोदूबाईने विडी लावली नाही, ना नवऱ्याला ना स्वतःला. चार दिवस ती माझ्यावर खेकसली, पण कनवट रिकामी राहिली.

पुढच्या अवसेला बायडी आली. एकटीच, शेवटच्या जीपने. तिने जन्मात विडी ओढली नव्हती. ओठात उलटी धरली, गोदूबाईने हात न लावता नुसती खुणेने सुलटी करायला लावली. काडी लावून ओढली, खोकून डोळ्यांतून पाणी आलं, पण धग धरली. तिने ती वाळूत खोचली आणि आम्ही तिघी मागे येऊन बसलो. वारा पडला होता. किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी हलत नव्हती.

विडीचं टोक लाल झालं. लाल झालं आणि तसंच राहिलं, लांब, कुणी सोडतच नसल्यासारखं. क्षणभर मंद, की पुन्हा लांब. बायडी पुढे सरून हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिली. अर्धी विडी अशी जळाली आणि टोक काळं पडलं. विझली, मला वाटलं. मी उठायला लागले तर गोदूबाईने मला खाली बसवलं.

टोक पुन्हा उजळलं. दोनदा, छोटं. मग थांबलं, एखादं वाक्य बोलायला लागतो तेवढा वेळ. मग परत दोनदा, छोटं.

गोदूबाईने पदर तोंडाला लावला. "आज तांडेलाला उष्टी मिळाली," ती म्हणाली. "मिळू दे."