गुरुजींचं जन्माचं प्रकरण

आमच्या यांना, म्हणजे विष्णुपंतांना, अख्खं बोरी गाव गुरुजी म्हणतं. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्या दिवसापासून एकच ध्यास घेतला, श्रीनिवासरावांचं चरित्र लिहायचं. श्रीनिवासराव म्हणजे निजामाच्या काळातले आमच्या गावचे मोठे कादंबरीकार. पुण्यामुंबईची माणसं त्यांची पुस्तकं मागवून वाचायची. लिहा की, कोण नको म्हणतंय? पण बारा वर्षं झाली, त्या माणसाचा अजून जन्म झालेला नाही!

यांची पद्धत शाळेतली. आधीचा धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. श्रीनिवासरावांचा शाळेतला उर्दू दाखला मिळाला, त्यावर जन्मसाल १३०५. यांनी ते हिजरी धरलं. त्या हिशेबानं लेखकमहाशय पहिलीत बसले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. मग हे कुंडल्या मांडत बसले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे कागद.

आणि चार घरं सोडून सुलाबाई. निजामाच्या शेवटच्या वर्षी श्रीनिवासराव पोलिसांना चुकवत शेतातल्या खोपीत राहायचे, तेव्हा नऊ वर्षांची सुलाबाई त्यांना भाकरी पोचवायची. तिथंच त्यांनी शेवटची कादंबरी लिहिली. ती वही कुठं गेली, हे सांगणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी शंभरदा म्हटलं, "अहो, आधी तिला विचारा."

"ते शेवटचं प्रकरण आहे, प्रभा. क्रमानं येईल."

एकदा ती बिचारी काठी टेकत स्वतःच आली. "गुरुजी, काय इचारायचं ते इचारून घ्या. माझं काय खरं न्हाई आता."

यांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "सुलाबाई, अजून आपण जन्मावरच आहोत." मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मागच्या महिन्यात हे दाखला घेऊन परभणीला गेले. तिथं नागनाथ नावाच्या निवृत्त कारकुनानं कागद बघितला न बघितला, म्हणाला, "गुरुजी, हे हिजरी न्हाई, फसली साल हाय, निजामाच्या शेतसाऱ्याचं." झालं! सात-आठ वर्षांचा घोळ मिटला. जुने जमिनीचे कागद काढणाऱ्या इथल्या कुणालाही हे कळलं असतं, पण इतिहासाच्या मास्तरांना विचारायचं सुचलं नाही. पेढे घेऊन, हसत हसत बसमधून उतरले. सुलाबाई त्याच दिवशी सकाळी गेली होती. मी सांगितलं तेव्हा पायरीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. हे उंबऱ्याशीच बसून राहिले, म्हणून मीच तिच्या सुनेला, गीताबाईला, त्या वहीबद्दल विचारलं.

"ज्वारी निवडताना आत्याबाई लय सांगायच्या त्या वहीचं," ती म्हणाली. "आमी कुठं ध्यान देतो? म्हातारी बडबडायलीय म्हणायचो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पण काकू, तुमीच का आल्या न्हाई? तुमाला बी लिहिता येतंय की."

मी उठून चपला घातल्या. घरी येईपर्यंत यांनाच बोलत होते, आणि ते मान खाली घालून ऐकून घेत होते.