स्विच बंद, टँकर सुरू

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमचं शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि धरण आटत होतं. आमच्या नव्या वसाहतीपर्यंत शहराची हद्द येऊन पोचली, नळ मात्र वाटेतच राहिला. पाणी टँकरचं, आणि टँकर चिठ्ठीच्या नंबरानं. निदान फलकावर तसं लिहिलं होतं. घरात चार दिवस थेंब नव्हता. बायको पहाटेच रांगेत उभी राहून चौदा नंबरची चिठ्ठी घेऊन आली. रांगेत उभं राहिलं की नंबर येतोच, असं तिचं ठाम मत. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, तिचाही इलाज नव्हता.

नेमकं त्याच दिवशी, टँकर सुटायचे त्या कार्यालयात माझं काम निघालं. तिथल्या स्विचचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे; सगळे संगणक आणि टेबलावरचे फोन ज्या पेटीला जोडलेले असतात, ती पेटी. असली कामं रात्री करतात. पण खोलीची किल्ली ज्या शिपायाकडे, तो मुक्कामाला खुलताबादला. तिथले साहेब म्हणाले, त्याला कशाला त्रास, सकाळी अकराला उरका.

मी बाहेरून येणारी मुख्य केबल काढली, नवं सॉफ्टवेअर चढवलं आणि पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. लॅपटॉपवर, काम चालू आहे हे दाखवणारी टिंबं उमटू लागली. संगणक आंधळे झाले, फोन मुके. त्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नव्हतीच. कारकुनानं नाइलाजानं चिठ्ठ्यांची वही काढली आणि नंबर पुकारायला लागला. टँकर चक्क नंबरानं निघाले. एरवी पाचव्या नंबराशीच बंगलेवाल्यांचे फोन सुरू व्हायचे, टँकर तिकडे वळायचे आणि बाकीच्यांनी उद्या यायचं, हे त्यानंच मला सांगितलं.

"फोन नाय, तर लई निवांत हाय बघा," तो म्हणाला.

पेटी दहा मिनिटांत ठणठणीत सुरू झाली. केबल खोचली की काम संपलं. मी खोचली नाही. साहेब दोनदा विचारून गेले. अजून टिंबं येताहेत, असं मी सांगितलं. टिंबांवर कोण शंका घेणार? खरं सांगतो, मला जराही लाज वाटत नव्हती. उलट छाती फुगली होती. या शहरात न्याय आणला तो मी, तोही एक केबल हातात धरून.

चौदा नंबरचा टँकर फाटकाबाहेर पडला आणि मी केबल खोचली.

सगळे फोन एकदम वाजले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पंधरा नंबरचे आजोबा तोवर खिडकीशी पोचले होते. कारकुनानं फोन कानाला लावूनच त्यांना उद्या या म्हणून खूण केली. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मी लॅपटॉप आवरत होतो, त्यांच्याकडे बघणं मला जमलं नाही.

घरी टाकी भरली होती. बायको शेजारणीला अभिमानानं सांगत होती, "आम्हाला नाही कुणाचा वशिला लागला."

मी मान डोलावली आणि अंघोळीला गेलो.